दर हजारी

बालिक्चीला रेल्वे संपते, पुढे तळं सुरू होतं.
त्या दोघांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी.
दिवसातून चार जण तरी विचारतात,
"उस्ता, ऑइल किती खाल्लं म्हणजे नॉर्मल?"
विचारतात खाली बघत,
मुलाच्या दारूबद्दल विचारावं तसं.

पुस्तक म्हणतं, हजार किलोमीटरला लिटरभरसुद्धा चालेल.
पुस्तक लिहिणाऱ्याला गाडी विकायची होती.
वडील म्हणायचे, थेंबही नको.
वडिलांनी जन्मभर एकच ट्रक चालवला
आणि त्याच्याखाली कायम एक परात असायची.
मी म्हणते, आकडा राहू द्या,
गेल्या महिन्यात किती खात होती ते सांगा.

थोडं जळायचंच.
सिलिंडरच्या भिंतीला तेलाचा पापुद्रा राहतो,
कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ.
रिंगा तो पुसतात, सगळा पुसत नाहीत;
पुसला तर लोखंड लोखंडाला भिडेल.
उरलेलं पेटतं.
खाली डाग नाही, मागे धूर नाही,
आणि पट्टी ओढावी तर बोटभर कमी.

भूगोलाचे मास्तर एसेनकुल शुक्रवारी निघायचे
शाळा सुटली की, कोटाच्या खिशात खडू तसाच.
काराकोल. जाऊन-येऊन साडेचारशे.
जाताना मागच्या सीटवर धुरावलेले मासे, दोरीत ओवलेले,
येताना सफरचंदं, त्यातली दोन माझ्या बाकड्यावर.
सोमवारी मी पट्टी ओढायचे.
पाव लिटरला थोडं कमी लागायचं.
"नॉर्मल?"
"नॉर्मल."
सहा वर्षं. वहीत त्यांचं वेगळं पान,
आकडा कधी इकडचा तिकडे नाही.
काराकोलला कोण, मी विचारलं नव्हतं.
सफरचंदं धुतलेली असायची, एवढं माहीत होतं.

या हिवाळ्यात पान कोरं राहिलं.
आमचं तळं गोठत नाही, अंगणं गोठतात.
फेब्रुवारीत आले, मंगळवारी, भर दुपारी.
पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली.
तेल वरच्या रेघेच्याही वर.
"आता खातच नाही," मास्तर म्हणाले. "सुधारली."

गाड्या सुधारत नाहीत.
मी पट्टी नाकाशी नेली. पेट्रोल.
दोन बोटांत चोळलं तर डाळीच्या पाण्यासारखं.
म्हणजे रोज सकाळी कोणी ही सुरू करतं,
दहा मिनिटं आत बसतं, काच निवळेपर्यंत,
फाटक उघडायला उतरत नाही,
आणि किल्ली उलटी फिरवतं.
इंजिन तापतच नाही.
न जळलेलं भिंतीवरून ओघळतं, तेलात उतरतं,
पातळी रोज केसभर चढते
आणि बाहेरून वाटतं, सगळं ठीक आहे.

यातलं मी काही बोलले नाही.
खालचा नट सोडला. काळं पाणी परातीत पडलं,
वडिलांच्याच. तीच वापरते अजून.
ते बघत राहिले, शेवटचा थेंब पडेपर्यंत,
आणि शेवटचा थेंब फार वेळ घेतो.
नवीन ऑइल घातलं. फिल्टरचे पैसे घेतले नाहीत.
म्हणाले, "आठवड्यातून एकदा तरी चाळीस किलोमीटर.
इंजिन पुरतं तापलं पाहिजे. कुठेही न्या."

"कुठे?"
भूगोलाच्या मास्तरांनी मला विचारलं.

काराकोलचा रस्ता उत्तरेच्या काठाने जातो.
मी तेलकट हाताने दक्षिणेकडे दाखवलं.

एप्रिलात त्यांच्या पानावर एक आकडा पडला.
शंभर मिली.
मी ओतलं, बूच लावलं, हात पुसले.
त्यांनी विचारलं नाही,
मीही म्हणाले नाही.
बोनेट मात्र त्यांनी स्वतः लावलं,
दोन्ही तळव्यांनी, जरा जोरातच.